निवास, न्याहारी आणि भिंतीवरचा वाघ

मे महिन्याच्या सुट्टीत यवतमाळ जिल्ह्यात निघालोय, असं सोसायटीत सांगितलं तेव्हा शेजारच्या काकांनी आवाज खाली आणून विचारलं, "कोण गेलं?" कोणी गेलेलं नाही, आम्ही सहलीला चाललोय, हे त्यांना पटेना. ठाण्यातला माणूस मे महिन्यात महाबळेश्वरला जातो, कोकणात जातो, कर्ज काढून हिमाचलात जातो. ४५ अंशांच्या उन्हात यवतमाळला जायला एक तर लग्न लागतं, नाहीतर तेरावं. शेवटी "असो, काळजी घ्या," म्हणत काकांनी माझा हात हातात घेतला. तयार झालेलं सांत्वन वाया जाऊ द्यायचं नाही, असा त्यांचा स्वभाव आहे.

जाण्याचं कारण वाघ. केळापूर आणि घाटंजी तालुक्यांत पसरलेलं टिपेश्वर अभयारण्य १९९७ साली जाहीर झालं. क्षेत्रफळ १४८ चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे ताडोबाच्या मानानं चिमुकलंच. जंगल लहान असलं की वाघाला लपायला जागा कमी, असा हिशेब आमच्या चिरंजीवांनी मांडला. गणितात त्याला कधी एवढा रस घेताना पाहिलं नव्हतं, म्हणून मी होकार दिला. आईचं माहेर दारव्ह्याचं. तिला वाघाशी कर्तव्य नव्हतं. "निदान भाकर तरी नीट भेटन," एवढंच ती म्हणाली.

आईनं अर्धं आयुष्य ठाण्यात काढलंय आणि एरवी ती बातम्या सांगणाऱ्या बाईंइतकं शुद्ध बोलते. पण गाडीनं कसारा घाट ओलांडला की तिची भाषा सैल होऊ लागते. भुसावळला 'आहे'चं 'हाये' झालं, अकोल्याला 'कशाला'चं 'कायले' झालं, आणि वर्ध्याला उतरल्यावर टॅक्सीवाल्याशी ती ज्या सुरात बोलली तो ऐकून नातवानं विचारलं, "बाबा, आजी कोणाची नक्कल करतेय?" वर्ध्यापासून पुढे गाडी करावी लागते. कापूस वाहून न्यायला इंग्रजांच्या काळात घातलेली नॅरोगेज 'शकुंतला' यवतमाळहून मूर्तिजापूरला जायची. माणसांची ने-आण हा तिचा जोडधंदा होता. तीही आता बंद आहे.

मुक्कामाची जागा कन्येनं फोनवर शोधली होती. जाहिरातीत चार ओळी होत्या. 'टायगर व्ह्यू सूट'. 'इन्फिनिटी पूल'. 'ऑथेंटिक व्हिलेज एक्सपिरियन्स'. आणि 'ब्रेकफास्ट कॉम्प्लिमेंटरी'. बायकोनं फोटो मोठा करकरून चादरी तपासल्या आणि मंजुरी दिली.

राहत्या घरात पैसे घेऊन पाहुणे ठेवण्याच्या या धंद्याचा आजचा अवतार २००७ साली सॅन फ्रान्सिस्कोत जन्मला. एका परिषदेमुळे शहरातली हॉटेलं भरलेली आणि दोन मित्रांना घरभाडं जड झालेलं. त्यांनी दिवाणखान्यात हवेच्या तीन गाद्या टाकल्या, सकाळचा नाश्ता देऊ केला आणि पाहुणे मिळवले. त्यातून एअरबीएनबी ही जगभर पसरलेली कंपनी उभी राहिली. आपल्याकडे मामाच्या गावाला माजघरात याच्या चौपट गाद्या टाकून कित्येक पिढ्यांनी उन्हाळे काढले, पण एकाही मामाला कंपनी काढायचं सुचलं नाही. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचीही 'निवास व न्याहारी' अशी योजना आहे. गावातल्या कुटुंबानं खोली द्यावी, घरचं खायला घालावं, पाहुण्याला मुलूख कळावा आणि घराला दोन पैसे मिळावेत, असा तिचा सरळ हेतू. केंद्र सरकारच्या अशाच योजनेत जास्तीत जास्त सहा खोल्या चालतात आणि मालकानं कुटुंबासह तिथेच राहिलं पाहिजे अशी अट आहे. घर भाड्यानं द्यायचं तर घरात माणसं हवीत, हे सरकारलाही कळलेलं आहे.

आमचं घर सुन्ना गेटच्या अलीकडच्या एका गावात होतं. घराचं नाव सांगत नाही, कारण माणसं फार चांगली होती आणि हीच सगळी अडचण होती.

दारात एक मोठा आंबा, कैऱ्यांनी वाकलेला. त्याच्या सावलीत आम्हाला उभं करून मालकांच्या मुलानं वेलकम ड्रिंक आणलं. नारिंगी पावडरीचं सरबत, वर कागदी छत्री. आईनं एकदा पेल्याकडे पाहिलं, एकदा डोक्यावरच्या कैऱ्यांकडे, आणि छत्री काढून नातीच्या हातात दिली. "पन्हं नाही का रे बाबू?" मुलगा गडबडला. "हाये ना आजी, पन आमच्यासाठी केलं हाये."

हे वाक्य पुढे फार कामाला येणार होतं. तेव्हा कळलं नाही.

टायगर व्ह्यू सूटची खिडकी गोठ्याच्या भिंतीवर उघडत होती आणि त्या भिंतीवर वाघ रंगवलेला होता. रंगवणारा पेंटर पंचक्रोशीतल्या निवडणुकांची भिंतपत्रकं करत असणार. पट्टे बिनचूक होते, पण चेहऱ्यावर हात जोडून मत मागणाऱ्या उमेदवाराचं हसू होतं. पलंगावर टॉवेलाचा राजहंस होता. त्याची मान मोडली होती आणि दुरुस्तीसाठी सेफ्टी पिन लावली होती. दाराच्या आतल्या बाजूला प्लॅस्टिकमध्ये मढवलेली एक यादी होती. ती पाहुण्यांसाठी असेल म्हणून मी वाचायला घेतली, तर ती मालकांसाठी होती. गुरं पाहुण्यांच्या नजरेस पडू नयेत. अंगणात वाळवण घालू नये. फोडणीचा वास खोलीपर्यंत जाऊ नये. पाहुण्यांशी गरजेपुरतंच बोलावं आणि 'सर', 'मॅडम' म्हणावं.

"ट्रेनिंग झालं जी आमचं," घरमालक भाऊंनी सांगितलं. "एक सर आले होते शहरातून. त्यायनं सांगतलं, तुमच्याकडचे लोक कसे असतात ते." आम्ही कसे असतो हे आम्हालाही त्या यादीवरूनच कळलं.

इन्फिनिटी पूल म्हणजे शेततळं निघालं. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली तेव्हा भाऊंनी मागितलं आणि त्यांना मिळालं. खाली काळं प्लॅस्टिक, वर हिरवं पाणी, कडेला तारेचं कुंपण. चिरंजीवांनी पोहायचा हट्ट धरला तेव्हा भाऊ कासावीस झाले. "नोका उतरू बापू, घसरलं त निंगता येत नाही." मग फोटो जाहिरातीत का टाकला? "सर म्हने, पानी दिसलं पाह्यजे." शेततळ्याला अंत नव्हता असं नाही, पण त्यात उतरणाऱ्याला होता.

रात्री एसी लागला. यादीनुसार खिडक्या सिलिकॉननं बंद केलेल्या होत्या, म्हणजे गार हवा बाहेर जाऊ नये. अकराच्या सुमाराला गावातली लाइन गेली. इन्व्हर्टर होता, पण त्यावर एक दिवा आणि वाय-फाय एवढंच चालायचं. उकाड्यात उकडत असताना इंटरनेट उत्तम येत होतं. कन्येनं त्यावर 'उष्माघाताची लक्षणं' शोधून सगळ्यांना वाचून दाखवली.

तासाभरानं मी दार उघडून बाहेर आलो आणि थांबलो. अंगणात सडा टाकलेला होता. कडुनिंबाखाली ओळीनं बाजा टाकल्या होत्या आणि त्यांवर यजमानांचं अख्खं कुटुंब निवांत झोपलेलं होतं. वारा वाहत होता. एका बाजेवर माझी आईही होती. ती केव्हा सटकली ते कुणालाच माहीत नव्हतं. वऱ्हाडात उन्हाळ्याची रात्र कशी काढायची याचं शास्त्र पिढ्यांनी घोटून ठेवलंय, आणि ते घरमालक अंगणात विनामूल्य वापरत होते. आम्ही त्यांच्यापासून एका भिंतीच्या अंतरावर, पैसे मोजून, राजहंसानं घाम पुसत होतो. मी भाऊंना हलकेच विचारलं, "आम्हालाही एखादी बाज मिळेल?" ते धडपडून उठले. "नाही जी सर, तुमचा एसी रूम बुक हाये!"

पहाटे सफारी. आईनं यायला नकार दिला. "मले वाघ कायले पाह्यचा? तुह्या आज्याले पाह्यलं हाये मी." जिप्सीत बसून आम्ही जंगलात हिंडलो. चितळं दिसली, सांबरं दिसली, रोही दिसले. मोर तर इतके दिसले की शेवटी चिरंजीव त्यांच्यावर रागावले. वाघाबद्दल गाइड भूतकाळातच बोलत होता. काल याच पाणवठ्यावर होता, परवा बछडे होते, आत्ता पाच मिनिटांपूर्वीच गेला. पायाचे ठसे मात्र भरपूर होते. वाघानं कुठून जायचं टाळलं याचा तो सविस्तर अहवाल होता.

गाइडनं मग वॉकरची गोष्ट सांगितली. ती खरी आहे. टिपेश्वरात जन्मलेल्या एका तरुण वाघाला २०१९ च्या सुरुवातीला रेडिओ कॉलर लावली. जूनमध्ये त्यानं घर सोडलं. तेलंगणात डोकावून, शेतं आणि हमरस्ते ओलांडत, तो डिसेंबरात बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. २०२० च्या मार्चपर्यंत त्याची एकूण चाल ३,००० किलोमीटरच्या वर गेली होती. स्वतःची हद्द, भक्ष्य आणि जोडीदारीण यांच्या शोधात तरुण वाघ असे निघतात, असं जाणकार सांगतात. बायकोनं शांतपणे दुसरं कारण सुचवलं. "टायगर व्ह्यू सूटमध्ये उतरला असेल."

परत आलो तेव्हा पोटात कावळे ओरडत होते. व्हरांड्यात टेबल मांडलेलं. कडा कापलेला पांढरा ब्रेड त्रिकोणी कापून ठेवला होता. जॅमच्या पुड्या होत्या. कॉर्नफ्लेक्सवर म्हशीचं कढत दूध ओतून बहुधा बराच वेळ झाला होता, कारण त्यांची खीर झाली होती. पांढरकवड्याहून हे सामान मुद्दाम आणलं असणार, कारण गावात त्यांतलं काही मिळण्याचा संभव नव्हता. भाऊ हात बांधून बाजूला उभे. "सर, कॉन्टिनेन्टल हाये," ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर परीक्षेला बसलेल्या पोराची काळजी होती.

एवढ्यात घराच्या मागच्या अंगानं एक आवाज आला. परातीत भाकर थापल्याचा. पाठोपाठ चुलीवर फुगणाऱ्या ज्वारीच्या भाकरीचा वास, यादीतला नियम मोडून, थेट टेबलापर्यंत आला.

आई जागेवर नव्हती. तिला बोलवायला मी चिरंजीवांना पाठवलं. ते परत आले नाहीत. दोघांना आणायला कन्या गेली. तीही आली नाही. "मी बघते," म्हणून बायको उठली आणि जाताना तिनं हात धुतले, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. टेबलावर मी आणि कॉर्नफ्लेक्स उरलो.

स्वयंपाकघरात सगळे जमिनीवर मांडी घालून बसले होते. आईनं त्याआधी भाऊंच्या बायकोची, म्हणजे वहिनींची, पूर्ण चौकशी उरकलेली होती. "कोन्त्या गावची वं तू?" "लाडखेडची." "लाडखेडची? मंग त माह्या माहेरचीच निंगाली की वं!" दारव्हा तालुक्यातलं गाव एकदा निघाल्यावर पुढचं सगळं सोपं असतं. ताटात भाकर होती, झुणका होता, जवसाची चटणी होती, ठेचा होता आणि हातानं फोडलेला कांदा होता. आमरस होता आणि त्यासोबत सरगुंडे होते, वऱ्हाडात लग्नाकार्याला आमरसाबरोबर करतात तेच. पातेल्यात कुरडयांसाठी शिजवलेला गव्हाचा चीक वाफाळत होता आणि चिरंजीव तो बोटांनी चाटत होते. घरी हा मुलगा पोळीचा कडक भाग बाजूला काढतो. मागच्या अंगणात, आमच्या खोलीतून मुळीच दिसणार नाहीत अशा बेतानं, बाजांवर कुरडया वाळत घातल्या होत्या.

भाऊ माझ्यामागून धावत आले. "सर, हे तुमच्यासाठी नोहे जी. हे आमचं हाये!"

"अहो भाऊ, पण हेच द्या ना लोकांना! आम्ही याचसाठी आलोय. दुप्पट पैसे घ्या."

ते पहिल्यांदाच यादी विसरून बोलले. "भाकरीचे पैसे? दारात आलेल्या मानसाले भाकर वाढाची आन् मंग त्याचा हिशेब कराचा? बाप वरून पाहून राह्यला ना जी माहा."

मला सगळा उलगडा झाला. या घरात हिशेब पक्का होता. ब्रेड विकायचा, भाकर वाढायची. एसी विकायचा, बाज द्यायची. पावडरीचं सरबत गिऱ्हाइकाला, पन्हं पाहुण्याला. आणि आम्ही आगाऊ पैसे भरून, पावती घेऊन, स्वतःला गिऱ्हाईक ठरवून आलो होतो. जे विकणं बरं दिसतं तेवढंच आमच्यापुढे मांडलेलं होतं. जे चांगलं होतं ते विकणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं.

या जिल्ह्यात पाहुणचाराचा हा कडकपणा नवा नाही. इथे पानावरून उठणाऱ्या माणसाला खाली बसवून आणखी एक पोळी वाढतात. सगळ्या महाराष्ट्रानं नावं ठेवावीत असा प्रसंग माझ्या आठवणीत एकच. २०१९ साली यवतमाळला ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा उद्घाटनाला बोलावलेल्या लेखिका नयनतारा सहगल यांना दिलेलं आमंत्रण मागे घेतलं गेलं. तो घोळ साहित्यिकांच्या मांडवातला. कुठल्या वहिनींच्या चुलीपाशी असं घडलेलं ऐकिवात नाही.

पण भाऊंना पैशाची गरज नव्हती असं कोण म्हणेल? घरात कापूस पिकतो. ज्यानं पिकवला त्यानं सोडून बाकी सगळ्यांनी त्याचा भाव ठरवायचा, ही त्या पिकाची जुनी रीत. १९७२ पासून कितीतरी वर्षं एकाधिकार खरेदी योजनेत कापूस सरकारलाच घालावा लागे. आता व्यापारी सांगेल तो भाव, नाहीतर हमीभावाची रांग. आयुष्यात पहिल्यांदा एका वस्तूचा भाव भाऊंना स्वतः ठरवायला मिळाला होता, ती वस्तू म्हणजे ती खोली. तिथे शहरातल्या सरांनी त्यांना सांगितलं की तुमच्याजवळ जे आहे ते झाका आणि जे नाही ते दाखवा. वाघ नाही, भिंतीवर काढा. पोहण्याचा तलाव नाही, शेततळ्याचा फोटो टाका. आणि अंगण, बाजा, सडा, चूल, सरगुंडे, लाडखेडच्या वहिनी, हे सगळं पडद्यामागे सारा. सरांनी फी किती घेतली ते मी विचारलं नाही.

निघताना बिल आलं. खोली, एसीचा वेगळा आकार, गेटपर्यंतची गाडी, वेलकम ड्रिंक, सगळं नोंदलेलं होतं. ब्रेकफास्ट कॉम्प्लिमेंटरी. भाकर, झुणका, आमरस, चीक यांचा उल्लेखच नाही. मी पाकीट काढलं तसे भाऊ दोन पावलं मागे सरकले. आईनं मला डोळ्यांनी दटावलं, वहिनींच्या धाकट्या मुलीला जवळ बोलावलं आणि "घे वं बाई, खाऊले," म्हणून तिच्या मुठीत नोटा कोंबल्या. "कायले मावशी, कायले?" असं म्हणत वहिनींनी रीतसर हरकत घेतली. आईनं ती रीतसर फेटाळली. मग वहिनी आत गेल्या आणि कुरडया-सरगुंड्यांची एवढी मोठी पिशवी घेऊन आल्या की व्यवहारात शेवटी आम्हीच देणेकरी ठरलो. ज्या गोष्टीची किंमत सांगता येत नाही तिचे पैसे कसे द्यायचे, हा प्रश्न या मुलखानं कधीच सोडवून ठेवला होता. सरांच्या ट्रेनिंगमध्ये तो धडा नव्हता.

गाडीत बसताना भाऊंच्या मुलानं फोन पुढे केला. "सर, पाच स्टार द्या जी." आमच्यात मतभेद झाले. खोलीला एक तारा, असं बायको म्हणाली. वाघाला शून्य, असं चिरंजीव. कन्येनं वाय-फायला पाच दिले. आईला तारे म्हणजे काय हे समजावून सांगितल्यावर तिनं विचारलं, "आन् भाकरीचे कुठी लिहाचे?" तिथे तसा रकानाच नव्हता.

तेव्हा मंडळी, टिपेश्वरला जरूर जा. उन्हाळ्यात पाणवठ्यांवर वाघ दिसतो म्हणतात. दिसला तर आमचा नमस्कार सांगा. गावात घर चालवणाऱ्यांना हात जोडून सांगणं आहे की ती यादी फाडा, खिडक्या उघडा, कुरडया दर्शनी अंगणात वाळत घाला आणि भाकरीचे पैसे मोकळ्या मनानं घ्या. आणि बुकिंग करताना एसी आहे का, पूल आहे का, हे विचारत बसू नका. अंगणात बाज मिळेल का आणि भाकरीचे पैसे घ्याल का, एवढंच विचारा. नाही म्हणाले, तर घरात लहान मूल आहे का, तेही विचारून ठेवा. आणि सोबत एक रिकामी पिशवी न्या.